अबोला मोडायचा कसा: मत्तय १८ मधला क्रम घरच्या भांडणाला लावताना

येशूने भांडणाबद्दल दिलेल्या दोन सूचना शेजारी ठेवून वाचा. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (मत्तय ५:२३-२४) भावाच्या मनात तुमच्याविरुद्ध काही आहे, म्हणजे चूक बहुधा तुमची. मत्तय १८:१५ मध्ये भावाने तुमचा अपराध केलाय, म्हणजे चूक त्याची. पण दोन्ही ठिकाणी उठून जायचं तुम्हीच. ‘त्याने केलंय, त्याने यावं’ आणि ‘मी धाकटा, बोलावल्याशिवाय कसा जाऊ’ ही आपल्या घरांतली दोन्ही कारणं तिथेच निकालात निघतात.

पहिली सूचना ज्यांना दिली ते लोक गालीलातले होते. दान वाहायची वेदी यरुशलेमातल्या मंदिरात, पायी तीन-चार दिवसांची वाट, साधारण नगरहून पुण्याला चालत जाण्याइतकी. दान वेदीपुढे ठेवून आधी समेट करून ये, म्हणजे ही वाट परत तुडवून घरी जा आणि मग पुन्हा ये. एवढा वेळ या कामाला लागू शकतो हे येशूने गृहीत धरलं आहे. म्हणून ‘एका बैठकीत मिटवून टाकू’ अशा तयारीने निघू नका. वर्षानुवर्षांचा अबोला असेल तर तीन-चार भेटी धरून चाला.

मत्तय १८:१५-१७ मधला क्रम असा: आधी एकट्याने, एकांतात. ऐकलं नाही तर एक किंवा दोघांना बरोबर घेऊन. तरीही नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चला सांगून. तेही ऐकलं नाही तर तो तुम्हाला परराष्ट्रीय किंवा जकातदारासारखा (जकातदार म्हणजे कर वसूल करणारा, लोकांना नकोसा झालेला). आपल्याकडे सुरुवात बहुतेक वेळा तिसऱ्या पायरीपासून होते. पाळकसाहेबांच्या कानावर घातलं जातं, महिला मंडळात प्रार्थनेचा विषय म्हणून मांडलं जातं, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाचं नाव न घेता एखादं वचन टाकलं जातं. ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय त्याला ते सगळ्यात शेवटी कळतं, आणि तोवर त्याच्यासाठी प्रश्न जमिनीचा राहत नाही, अब्रूचा होतो. मग पहिली पायरी जवळजवळ अशक्य होऊन बसते.

हा क्रम कुठे लावायचा नाही

नवरा मारहाण करत असेल, मुलाचा किंवा मुलीचा लैंगिक छळ झाला असेल, जिवाची धमकी असेल, तर ‘आधी एकांतात जाऊन बोल’ असं त्या बाईला किंवा मुलाला सांगणं हा वचनाचा गैरवापर आहे. मत्तय १८ च्या सुरुवातीलाच लहानांना अडखळवणाऱ्याला कडक इशारा दिलेला आहे, हे विसरू नये. बाईसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीला ११२. मुलांच्या बाबतीत २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे माहिती असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे. हे मंडळीच्या पुढाऱ्यांनाही लागू आहे. ‘घरातलं घरात मिटवू’ इथे चालत नाही.

जाण्याआधीचा कागद

एक कोरा कागद घ्या आणि तीन रकाने आखा.

पहिल्यात फक्त घडलेलं, तारखेसह आणि आकड्यासह. ‘आईच्या ऑपरेशनला ८०,००० द्यायचं ठरलं होतं, ३०,००० आले.’ ‘विहिरीच्या पाण्याची माझी पाळी मंगळवारी, त्या दिवशी मोटर त्याने चालवली, दोनदा.’ दुसऱ्या रकान्यात त्यावरून तुम्ही काढलेला अर्थ: ‘दादाला आई नकोशी झाली आहे’, ‘वहिनीच त्याला शिकवते’. तिसऱ्यात तुमचा स्वतःचा वाटा. कुसळ आणि मुसळ या वचनाची (मत्तय ७:३-५) जागा हीच. तिसरा रकाना कोरा राहत असेल तर अजून जाऊ नका. दोन-चार दिवसांनी पुन्हा कागद काढा. बहुतेक वेळा काहीतरी सापडतंच: उलट उत्तर दिलेलं असतं, त्याच्या मुलीच्या बारशाला मुद्दाम गेलेलं नसतं, चार जणांना सांगून झालेलं असतं.

भेटीत बोलायचं ते पहिल्या आणि तिसऱ्या रकान्यातलं. दुसरा रकाना घरी ठेवायचा. भांडण पेटतं ते बहुधा याच रकान्यामुळे, कारण घडलेली गोष्ट माणूस कबूल करू शकतो, पण ‘तुला आई नकोशी झाली आहे’ हे कोण कबूल करेल?

कागद तयार झाला की प्रार्थनेत त्या माणसाचं नाव घ्यायला लागा, रोज, निदान आठवडाभर. ‘प्रभू, त्याला सुबुद्धी दे’ अशी प्रार्थना नको. ती प्रार्थनेच्या वेषातली तक्रार असते. त्याच्या पोटदुखीसाठी, त्याच्या मुलाच्या बारावीसाठी, त्याच्या कांद्याला भाव मिळावा म्हणून मागा. हे खऱ्या मनाने जमू लागलं की निघायची वेळ झाली.

पहिली पायरी: एकट्याने

फोन करा, मेसेज नको. मेसेज दहा वेळा वाचला जातो, शेजारी बसलेल्याला दाखवला जातो आणि आवाजातला ओलावा त्यात उतरत नाही. फोनवर विषय काढू नका, वेळ तेवढी मागा:

‘दादा, गुरुवारी संध्याकाळी घरी आहेस का? मी यावं म्हणतो. एकटाच येतो.’

‘एकटाच’ हा शब्द महत्त्वाचा. त्याने समोरच्याची धडधड निम्मी होते. बायकोला, मोठ्या मुलाला बरोबर नेऊ नका. ते तुमच्या बाजूने असतात आणि प्रत्येक वाक्याला साक्षीदार बनतात.

दिवस साधा निवडा. लग्नघर, मयताचं घर, नाताळची गडबड, घरी पाहुणे, या वेळा टाळा. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात तर मुळीच नको, तिथे वीस डोळे असतात. जेवणाआधी जा, म्हणजे फार लांबणार नाही हे दोघांनाही ठाऊक असतं. त्याने पुढे केलेलं पाणी प्या, चहा आला तर घ्या. कित्येक वर्षांनी त्या घरचा चहा घेतला की बरंचसं काम चहानेच होतं.

बोलायला सुरुवात तिसऱ्या रकान्यापासून. आणि इथे मराठीतलं एक वाक्य कायमचं टाकून द्यायला हवं: ‘माझं काही चुकलं असेल तर माफ कर.’ हे ‘असेल तर’ सगळं काढून घेतं. चुकलंय की नाही हे ठरवायचं काम ते समोरच्यावर टाकतं. त्याचीच भावंडं म्हणजे ‘तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ आणि ‘झालं गेलं, सोडून दे आता’. त्याऐवजी:

‘दादा, आजीच्या चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर मी तुला लोभी म्हणालो. ते चुकीचं होतं. तुला तिथे मान खाली घालावी लागली. मला माफ कर.’

काय केलं, ते चूक होतं, त्याने समोरच्याला काय सोसावं लागलं, आणि क्षमेची मागणी. या चारांपैकी एकही गळू देऊ नका, आणि पाचवं ‘पण’ जोडू नका. ‘पण तूसुद्धा…’ म्हटलं की आधीचं सगळं पुसलं गेलं.

मग गप्प बसा. हे सर्वांत कठीण. नीतिसूत्रे १८:१३ सांगतं की ऐकण्याआधी उत्तर देणं हा मूर्खपणा. तो पंधरा-वीस मिनिटं बोलेल, जुनं उकरून काढेल, त्यातलं थोडं खोटंही वाटेल. मध्ये दुरुस्ती करू नका. संपल्यावर त्याचं म्हणणं तुमच्या शब्दांत परत सांगा: ‘म्हणजे तुझं म्हणणं असं की मी पैसे देताना हिशोब मागितला, ते तुला लागलं.’ तो ‘हो, तेच’ म्हणाला की मगच पहिला रकाना उघडा. एकच मुद्दा, फार तर दोन. आरोप मांडण्यापेक्षा विचारा: ‘उरलेल्या ५०,००० चं काय झालं होतं, मला कधी नीट कळलंच नाही.’ कधीकधी उत्तर अगदी साधं निघतं. पैसे त्याने थेट हॉस्पिटलात भरलेले असतात आणि पावती बहिणीकडे असते.

आवाज चढला तर तिथेच थांबायचं. ‘आज इतकंच बोलू, पुढच्या गुरुवारी परत येतो’ असं दिवस ठरवून उठा. दिवस न ठरवता उठणं म्हणजे पुन्हा अबोला. इफिसकरांस ४:२६ मधला ‘राग असताना सूर्य मावळू नये’ हा नियम नवराबायकोने रात्री अकरा वाजता दमलेल्या अंगाने भांडण संपवण्यासाठी वापरू नये. ‘तुझ्यावर राग आहे, पण उद्या सकाळी चहाला बसून बोलू’ एवढं बोलून झोपलं तरी वचन पाळल्यासारखंच आहे असं आमचं मत आहे.

घेतलेलं परत करणं

मराठी पवित्र शास्त्रात प्रभूच्या प्रार्थनेत (मत्तय ६:१२) ‘ऋण’ हा शब्द आहे. मूळ ग्रीक शब्दही देण्याघेण्यातलाच. हे भाषांतर चपखल आहे, कारण पुष्कळ भांडणांत खरोखरच कुणाचं तरी काही देणं असतं, आणि ते तसंच ठेवून मागितलेली क्षमा अर्धी राहते.

लेवीय ६:५ आणि गणना ५:७ मध्ये मोजमाप स्पष्ट आहे: लुबाडलेलं पूर्ण परत, वर पाचवा हिस्सा. फसवून ६०,००० ठेवून घेतले असतील तर ७२,०००. जक्कय नावाच्या जकातदाराने (लूक १९:८) तर चौपट कबूल केलं, म्हणजे निर्गम २२:१ मध्ये मेंढरू चोरून कापणाऱ्याला लावलेला दंड त्याने आपणहून स्वतःला लावून घेतला. प्रत्येकाने चौपटच द्यावं असं नाही, पण पाचवा हिस्सा हा चांगला पाया आहे. रक्कम एकदम शक्य नसेल तर महिन्याला ठरावीक आकडा आणि तारीख सांगा, पहिला हप्ता त्याच दिवशी द्या. ‘जमेल तसं देईन’ हे आश्वासन नसतं.

हातउसने घेतलेले पैसे तीन वर्षं उलटली की कोर्टात मागणं सहसा कठीण होतं. मुदतीच्या कायद्याने दावा बुडतो, देणं बुडत नाही. उसने घेऊन न फेडणाऱ्याला स्तोत्र ३७:२१ दुर्जनच म्हणतं, मुदतीची सवलत देत नाही. ज्याचं देणं आहे तोच वारला असेल तर त्याच्या वारसांना द्या. वारस कोणीच नसेल तर गणना ५:८ प्रमाणे ती रक्कम परमेश्वराची. आज याचा सरळ अर्थ, गरजूंसाठी मंडळीच्या हातात द्या आणि पावती घ्या.

जमिनीचं आणि घराचं

वाटणीच्या भांडणात बसण्याआधी कायदा काय सांगतो ते दोघांना माहीत हवं. महाराष्ट्रात ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो: विधवेला एक तृतीयांश, उरलेलं दोन तृतीयांश मुलगे आणि मुली यांच्यात अगदी समान. नऊ एकर असेल, आई आणि तीन भावंडं असतील, तर आईला तीन आणि प्रत्येकाला दोन एकर, त्यात बहीणही आली. जन्मतःच मुलाला वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा मिळतो ही कल्पना या कायद्यात नाही. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा वेगळा आहे, तिथली गणितं इकडे लावू नका.

‘ताईने सोडून द्यावं, तिला हुंड्यात दिलंच की’ हे वाक्य ज्या घरात आहे तिथे भावांचा समेट होतो आणि बहिणीवर अन्याय होतो. तिने राजीखुशीने सोडलं तर हक्कसोडपत्र रीतसर नोंदवावं लागतं. आणि ती राजी आहे का, हे तिला भावांच्या गैरहजेरीत कोणीतरी विचारलेलं असावं.

प्रत्यक्ष वाटणी करताना उत्पत्ती १३ मधला अब्राहाम वाट दाखवतो. मोठा असून त्याने पुतण्याला, लोटाला, आधी निवडू दिलं: तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे. आपल्या गावांतही हीच जुनी रीत आहे, एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. पाडणारा मग आपोआप काटेकोर होतो. ठरलं की सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवा, नोंदणी करा, सातबाऱ्यावर फेरफार लागला का तेही पाहा. तोंडी वाटणी मुलांच्या पिढीत पुन्हा भांडण होऊन उगवते.

दुसरी पायरी: एक किंवा दोघे

दोन-तीन प्रयत्नांनंतरही दार उघडत नसेल तरच ही पायरी. ‘एक किंवा दोघे’ म्हणजे तेवढेच, सहा जणांचं शिष्टमंडळ नेलं की तो हल्ला वाटतो. दोघांच्याही विश्वासातला, व्यवहारात ज्याचा पैसा किंवा बांध गुंतलेला नाही असा आणि तोंडाचा पक्का माणूस हवा. सख्ख्या भावंडांत मामा बऱ्याचदा योग्य ठरतो, कारण तो दोघांचाही मामा असतो. जावई शक्यतो नको.

त्याला नेताना आपली बाजू पढवून नेऊ नका. नीतिसूत्रे १८:१७ मध्ये बजावलंय की पहिल्यांदा बोलणारा खरा वाटतो, दुसरा येऊन तपासेपर्यंत. अनुवाद १९:१५ मधले दोन-तीन साक्षीदार खटल्याच्या सत्यासाठी असतात, एका पक्षाच्या मदतीसाठी नव्हे. म्हणजे ‘चूक तुझीच आहे’ असं तो तुम्हालाच म्हणू शकतो, आणि ते मान्य करण्याची तयारी घरून निघतानाच हवी. मध्यस्थ व्हायची वेळ तुमच्यावर आली तर फिलेमोनाला लिहिलेलं छोटं पत्र वाचा. फिलेमोनाच्या पळालेल्या गुलामासाठी, अनेसिमासाठी, पौल नुसती रदबदली करत नाही, त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या नावावर मांड म्हणतो.

बैठक दीड तासात संपवा. शेवटी पाच-सहा ओळी लिहून काढा: काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत. तिघांच्या सह्या, दोन प्रती.

मंडळी, आणि त्यापुढे

‘मंडळीला सांग’ याचा अर्थ वेदीवरून नाव पुकारणं नव्हे. पाळकसाहेबांना किंवा फादरना आणि मंडळीच्या जबाबदार वडिलांना दोघांसमोर सांगणं, आणि सह्यांचा तो कागद पुढे ठेवणं. पौलाने १ करिंथ ६ मध्ये भावाभावांच्या कज्ज्यांसाठी मंडळीतच कोणी शहाणा नाही का असं विचारलंय, त्याचा आशय हाच. मंडळीत नसलेल्या शेजाऱ्याशी किंवा भागीदाराशी वाद असेल तर ही पायरी लागू होत नाही. तिथे पहिल्या दोन, आणि रोम १२:१८: तुमच्याकडून होईल तितकं.

चौथ्या पायरीचा अर्थ लोक सर्वांत जास्त चुकवतात. ‘जकातदारासारखा’ म्हणजे वाळीत टाका असं अनेकांना वाटतं. पण ही वचनं ज्या शुभवर्तमानात आहेत ते ज्या मत्तयाच्या नावाने ओळखलं जातं, तो स्वतः जकातदार होता, आणि येशू जकातदारांच्या पंगतीला बसल्याचं तेच शुभवर्तमान सांगतं. म्हणजे त्याला भाऊ म्हणून विश्वासाचा व्यवहार देऊ नका, पण पाणी, नमस्कार आणि आजारपणातली विचारपूस थांबवू नका. शिवाय महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्नाला कोणी जाऊ नका, मयताला खांदा देऊ नका, असं कोणतीही मंडळी ठरवू शकत नाही.

क्षमा, समेट आणि भरवसा

या तीन गोष्टी एकच समजल्या की घोळ होतो. क्षमा एकतर्फी असते. मार्क ११:२५ प्रमाणे प्रार्थनेला उभं राहतानाच करायची, समोरचा हजर असो वा नसो. समेटाला दोघं लागतात. भरवसा वेळ घेतो, आणि तो लगेच न देणं हे क्षमा न करणं नव्हे. पैसे खाल्लेल्या भावाला माफ करावं, पण महिनाभरात त्याच्या कर्जाला जामीन राहू नये. याकोब आणि एसाव (उत्पत्ती ३३) गळ्यात पडून रडले, आणि त्यानंतर एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. एका छताखाली राहायला आले नाहीत. समेट झाला म्हणून चूल एक करायचा आग्रह घरच्या वडीलधाऱ्यांनी धरू नये.

क्षमा करणं जड जातं तेव्हा त्याच १८ व्या अध्यायातल्या निर्दय चाकराचं गणित मांडून पाहावं. एक दीनार म्हणजे एका दिवसाची मजुरी. एक तालांत म्हणजे ६,००० दीनार. चाकराला धन्याने सोडलं ते १०,००० तालांत, म्हणजे ६ कोटी दिवसांची मजुरी. त्याचं दुसऱ्याकडे येणं १०० दीनार. आजच्या ५०० रुपये रोजाने पहिला आकडा ३,००० कोटी, दुसरा ५०,०००. पन्नास हजार ही लहान रक्कम नव्हे, मजुराची शंभर दिवसांची कमाई आहे. येशूने तुमचं नुकसान क्षुल्लक म्हटलेलं नाही. ते खरं आहे, मोठं आहे, आणि तरी पहिल्या आकड्यासमोर ठेवून पाहायचं आहे.

पुढचे काही महिने

समेटानंतरचा पहिला प्रसंग फार नाजूक असतो. त्याच्या घरचा वाढदिवस, शेतातली पहिली काढणी, आईचा दवाखाना. आवर्जून जा, थोडाच वेळ थांबा, मिटलेला विषय चुकूनही काढू नका. ठरलेला हप्ता तारखेच्या आदल्या दिवशी पोचवा. त्याच्याकडून एखादी तारीख चुकली तर पुन्हा पहिल्या पायरीवर या, एकट्याने, फोन करून. लूक १७:४ मध्ये दिवसातून सात वेळा परत येणाऱ्याचा हिशोब धरलेला आहेच.

सह्यांचा कागद फाइलीत जपून ठेवा. तीन रकान्यांचा कागद मात्र ठेवू नका. पहिली भेट नीट झाली त्या रात्रीच तो चुलीत किंवा गॅसच्या बर्नरवर धरून जाळा, म्हणजे पुढच्या वादात तो काढून वाचायचा मोह होणार नाही. मोबाइलमध्ये त्याचे फोटो काढून ठेवले असतील तर तेही त्याच रात्री पुसा.